पेढे नंतर, आधी बोनेट

पेढ्यांचा पुडा तिथं टेबलावर ठेव. सोडू नकोस. अगं, याच्यासाठी चहा एवढ्यात टाकू नकोस, लायकी ठरायची आहे अजून त्याची. बस. मोबाइल खिशात घाल. काल रात्री पाठवलेले चौदा फोटो मी बघितले. चौदापैकी नऊ फोटोंत तू आहेस. एकात तुझा मुलगा सनरूफमधून डोकं काढून उभा. उरलेले चार नुसत्या चकचकाटाचे. बोनेटखालचा एक नाही, गाडीच्या पोटाखालचा एक नाही, आरसीचा एक नाही, टायरवरच्या आकड्यांचा एक नाही. आणि खाली मेसेज काय, तर "सर, डिस्कव्हरी विश्वासू गाडी आहे ना? आजच पन्नास हजार टोकन देऊन आलो."

आधी टोकन, मग प्रश्न. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण तुझ्यासाठीच राखून ठेवली होती बहुतेक कुणीतरी.

बाहेरच्या कुणी असं विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तू माझ्या हाताखालून गेलेला आहेस. एकतीस वर्षं मी आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, त्यातली दोन तुला. फीलर गेज हातात दिलं की पाच मिनिटांत टॅपेट लावून मोकळा व्हायचास. नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचा प्लग मेलाय ते सांगायचास. पुढं ट्रेड सोडलास, फॉल्स सीलिंगची कामं घ्यायला लागलास, चार पैसे मिळवलेस, चांगलंच केलंस. पण खालून गुळगुळीत दिसणाऱ्या सीलिंगच्या वर काय काय लोंबत असतं, हे फॉल्स सीलिंगवाल्याला मी सांगायचं का? गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तू रोज तेच झाकतोस. मग काशीमिऱ्याच्या त्या गाळ्यात साडेतेरा लाखांच्या पॉलिशपुढं तुझे डोळे कुठं गेले होते?

मी सांगतो कुठं गेले होते. तू गाडी बघितलीच नाहीस. गाडीत बसलेला स्वतःला बघितलंस.

आता तुझा प्रश्न. डिस्कव्हरी विश्वासू आहे का? साताऱ्याची माणसं विश्वासू असतात का, असं विचारतोस कधी? समोरच्या एका माणसाबद्दल विचारतोस. तो कुणाकडे कामाला होता, तिथून का निघाला, उधारी फेडतो का. कंपनीच्या नावाचा भरवसा नव्या गाडीपुरता. बारा वर्षं रस्त्यावर काढलेल्या गाडीला नाव उरत नाही, फक्त इतिहास उरतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक आज लेह गाठून येईल आणि दुसरी दहिसर चेकनाका ओलांडताना टोइंगवर चढेल. तुझी त्यांतली कुठली, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गाडीजवळ असतं. माझ्याजवळ नाही आणि त्या दलालाजवळ तर नाहीच नाही.

"टाटांची आहे सर." हो, ऐकलं मी. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर घेतली, हे मलाही माहीत आहे. पण तुला आवडलेली डिस्कव्हरी फोर आहे, ती आली २००९ मध्ये, आणि तिच्या बोनेटखालचं व्ही-सिक्स डिझेल फोर्ड आणि फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनने मिळून घडवलेल्या घराण्यातलं. टाटांचं नाव घेतलं की आपल्याकडे माणूस हात जोडतो आणि डोळे मिटतो. जुनी गाडी घेताना डोळे मिटायचे नसतात.

माझे वडील खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घ्यायला जायचे. मी सोबत असायचो. विकणारा शिंगं रंगवून, अंगाला तेल चोळून, झूल घालून बैल उभा करायचा. वडील शिंगांकडे बघायचेही नाहीत. थेट जबडा उघडून दात बघायचे. दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे दातांवर कळतं, मालकाच्या तोंडावर नाही. मग खूर. मग पन्नास पावलं चालवून मागून बघायचं. मग जू ठेवून ओढायला लावायचं. हे सगळं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून भाव. तू रुमालापासून सुरुवात केलीस, आणि बैलाचं तोंड अजून उघडलेलं नाहीस.

बरं, चालवून बघितलीस म्हणतोस. किती वाजता? दुपारी चार. तू पोचलास तेव्हा गाडी सुरू होती की बंद? सुरू होती, एसी लावून ठेवला होता, तुला गारवा मिळावा म्हणून. किती काळजी! अरे शहाण्या, डिझेल इंजिनाची जी काही दुखणी आहेत ती पहिल्या स्टार्टला बोलतात. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन सुरू होताना चेनचा खडखडाट येतो का, निळा धूर येतो का म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर येऊन थांबतच नाही का, आयडलिंगला थरथर आहे का. दहा मिनिटं तापवून ठेवलं की सगळे आजार गप्प बसतात. तापलेली गाडी दाखवणारा माणूस आणि डॉक्टरकडे जायच्या आधी क्रोसिन घेणारा माणूस, दोघांचा हेतू एकच.

ऑइल फिलरचं झाकण उघडलंस? नाही. आतून दुधाच्या कॉफीसारखा फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. कूलंटच्या टाकीत तवंग बघितलास? नाही. ऑइलची पातळी? ती तरी बघितली असशील असं वाटलं होतं मला.

नीट ऐक, कारण या इंजिनाचं एक दुखणं असं आहे की त्यात गाडीच बाद होते. या व्ही-सिक्स डिझेलमध्ये, २.७ लिटरच्यात आणि ३ लिटरच्यातही, क्रँकचं बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट जाण्याची उदाहरणं जगभर झाली आहेत. प्रत्येक गाडीत होतं असं नाही. बाहेरून कळत नाही, ही त्यातली मेख. मग काय करायचं? ऑइल किती किलोमीटरला बदललं त्याची बिलं मागायची. स्टिकर नव्हे, बिलं. आणि नव्या ऑइलच्या बोलीवर जुना कागदी फिल्टर बाहेर काढून त्याच्या पट्ट्या उलगडायच्या. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. चिकटलं नाही आणि पिवळसर-चंदेरी चमक तशीच राहिली, तर तो बेअरिंगचा मुलामा, आणि त्या गाडीकडे पाठ फिरवून चालायला लागायचं. हे मी तुम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवलं होतं. तू त्या दिवशी हजर होतास. हजेरीपट मी घेत असे.

टायमिंग बेल्ट कधी बदलला? "किलोमीटर कमी झालेत सर, एक्क्याण्णव हजार." बेल्ट रबराचा असतो. रबर किलोमीटरने म्हातारं होतं तसं वर्षांनीही होतं. आणि या इंजिनात बेल्ट एक नाही, दोन. पुढं कॅमशाफ्टचा, आणि मागच्या बाजूला हाय प्रेशर फ्युएल पंप फिरवणारा. पुढचा बदलून मागचा तसाच ठेवणारे महाभाग भरपूर, कारण मागं हात पोचत नाही. या गाडीची मोठी कामं निघाली की कित्येक गॅरेजवाले आख्खी बॉडी चॅसिसवरून उचलून ठेवतात. त्या मजुरीची कल्पना कर. आणि ते एक्क्याण्णव हजार खरे कशावरून? मीटर मागं फिरवणं हा आता दहा मिनिटांचा खेळ आहे. पण असल्या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते, दोन-तीन मॉड्यूलमध्ये पडलेली असते. चांगल्या स्कॅनरवाल्याला ती जुळवून बघता येते. शिवाय स्टिअरिंगवरचं कातडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, ही तिन्ही खोटं बोलायला शिकलेली नसतात.

गिअरबॉक्सबद्दल दलाल काय म्हणाला? "लाइफटाइम ऑइल आहे, बघायची गरज नाही." कुणाची लाइफटाइम? हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा. ती कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. बनवणारा बदला म्हणतोय आणि विकणारा गरज नाही म्हणतोय. तू कुणाचं ऐकलंस ते कळलंच मला.

आणि एवढी ऑफ-रोड गाडी घेतोयस, तर 'फोर लो' टाकून बघितलंस का? आहे ना तिच्यात? हसू नकोस. २०१४ च्या मॉडेलपासून काही डिस्कव्हरींना लो रेंज नसलेला ट्रान्सफर केस येत असे. ही २०१३ ची आहे म्हणतोस, म्हणजे असायला हवा. पण असणं वेगळं आणि चालणं वेगळं. शहरात वापरलेल्या गाडीत ते बटण दहा-दहा वर्षं कुणी दाबत नाही, मग पहिल्यांदा दाबलं की डॅशबोर्डवर दिवाळी. टायर चारही एका कंपनीचे, एका घासणीचे आहेत का? कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन गुळगुळीत असले तर मधला डिफरन्शियल विनाकारण झिजतो. टायरवर शेवटचे चार आकडे बघ. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी फार जपली असं सांगणाऱ्या मालकाचे टायर सात वर्षांचे निघाले, तर तो काय जपत होता ते समज.

एअर सस्पेन्शन हा तर तुझाच विषय. मोजटेप चोवीस तास खिशात असते ना तुझ्या? मग काढली का नाहीस? रात्री गाडी सपाट जागेवर उभी करायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घ्यायचं, लिहून ठेवायचं. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा मोजायचं. एखादा कोपरा बसलेला दिसला की एअर स्प्रिंग गळतंय. मग सुरू करून गाडी ऑफ-रोडच्या उंचीवर चढवायची आणि घड्याळ लावायचं. कॉम्प्रेसर घरघरत दम खात राहिला, तर तो मरणपंथाला आहे. गळक्या स्प्रिंगसाठी तो दिवसरात्र धावतो आणि शेवटी दोघं मिळून जातात. आपल्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत आणि काशीमिऱ्याच्या पुलाखालच्या चाळणीत अडीच टनांची गाडी रोज आपटली, तर ते रबर किती टिकणार? मोजटेपेची किंमत शंभर-दीडशे रुपये. ती खिशातून काढायचीही लाज वाटली तुला, तिथं गॉगल घातलेला माणूस उभा होता म्हणून.

लाजेबद्दल मी बोलू नये खरं तर. ऐक, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. १९९१ साली मी स्वतः सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. तेव्हा निदेशक होतो, रोज पोरांना गंजावर भाषण द्यायचो. पण विकणारा मेहुण्याचा मित्र निघाला, घरी जेवायला बोलावलं, आमरस वाढला. आता आमरस खाऊन उठल्यावर यजमानाच्या गाडीखाली आडवं व्हायचं का? नाही झालो. जूनच्या पहिल्या पावसात तुझ्या काकूंच्या पायाखाली पाणी आलं. मॅटिंग उचललं तर फ्लोअरच्या पत्र्याच्या जागी वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. त्या घडीवरची बातमी वाचता येत होती अजून. तेव्हापासून गाडी बघायला जाताना मी कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. तुला त्या गाळ्यात काय दिलं? कोल्ड कॉफी? वाटलंच.

गंजाचं मी तुला शिकवायचं म्हणजे कमालच झाली. तुझे वडील मोर्व्याहून सायकलने मिठागरावर जायचे. दर पावसाळ्यानंतर चेन बदलायचे, रिमला ग्रीस फासायचे. मीठ लोखंडाला कसं आतून खातं, हे तुझ्या घरात जेवणाच्या ताटाइतकं ओळखीचं होतं. भाईंदरची हवा खारी, उत्तनची त्याहून खारी. तुला ही गाडी उत्तनच्या वाळूत घालायची आहे ना, रविवारी? २०२४ सरतासरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी रुतली आणि शेवटी बैलगाडीने ओढून बाहेर काढली, तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास, खाली हसरे चेहरे लावून. तुझी गाडी रुतणार नाही कदाचित. पण खाऱ्या वाळूतून आलेली गाडी त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुतली नाही, तर ब्रेकचे पाइप, सबफ्रेम, बोल्ट, सगळं आतून पोखरत जातं. आणि तुझ्या आधीच्या मालकानेही हेच शौक केले नसतील कशावरून? बॉडी धुतलेली होती, हो. चॅसिसच्या नळीत बोट घालून बघितलंस का, वाळू निघते का ते?

पाण्याचंही बघू. "सर, सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते." जाते. डिस्कव्हरी फोरचा तो आकडा खरा आहे. पण तो चालत्या गाडीचा, जाणत्या हाताचा आणि थोड्या वेळाचा. पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्यात उभी राहिलेल्या गाडीला सातशेचा काय उपयोग? बुडालेली गाडी वाहून जात नाही, ती सुकते, सजते आणि दुसऱ्या राज्यात जाऊन विकली जाते. ही गाडी दिल्लीची आहे. कधी निघाली तिथून? २०२३ च्या शेवटी. त्याच वर्षी १३ जुलैला दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा विक्रम मोडून. ही गाडी तेव्हा कुठं उभी होती? बुडाली होती असं मी म्हणत नाही. विचारलंस का, एवढंच म्हणतोय. सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचायचा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, तिथवर कुणी धूत नाही. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली ओल, हेडलॅम्पच्या आत पाण्याची रेषा, आणि बंद काचा करून बसलं की येणारा तो कुबट वास. गाडीत लिंबाचा जाड सेंट मारलेला होता का? होता ना?

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का, हा विचार तुझ्या डोक्यात आला नाही. मालकाला तुझा कळवळा आला म्हणून नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी केली. २०१३ च्या डिझेलला २०२३ मध्ये दहा भरली. तिकडं रस्त्यावर आणता येत नव्हती म्हणून ती इकडं आली. यात वाईट काही नाही, अशा गाड्यांत खरोखर चांगली गाडी सापडू शकते. पण मग दिल्लीच्या आरटीओची एनओसी कुठं आहे? परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथं पुन्हा नोंद करावी लागते, कर भरावा लागतो. तो कर साडेतेरा लाखांत आहे की वर? "एमएच-५८ चा फॅन्सी नंबर घेऊ सर." आपल्या शहराला स्वतःचा नंबर मिळाला म्हणून आनंद मलाही आहे. पण नंबर प्लेट हा गाडीचा शेवटचा भाग, तू पहिल्यांदा तोच निवडलास.

आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस कोण, हे तुला सांगता आलं नाही. दलाल म्हणाला, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात, २९ आणि ३० दोन्ही. छान. म्हणजे एक मालक, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतली, नावावर केली नाही, त्याच्याकडून या गाळ्यावर आली. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. गाडी हातोहात विकली गेली होती, अपघात झाला, आणि नुकसानभरपाई आली आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर, ज्याने गाडी कधीच दिली होती. उद्या तू विकशील तेव्हा हेच तुझ्या गळ्यात येईल. आणि दलालाबद्दल बोलायचं तर, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद करावी लागते, ती कुठं कुठं फिरवली याची वही ठेवावी लागते. भिंतीवर ते प्रमाणपत्र होतं? गणपतीचा फोटो होता. गणपतीला नमस्कार कर, प्रमाणपत्र माग.

तुझा मेव्हणा म्हणाला ना, लँड रोव्हर नको, लँड क्रूझर घे, टोयोटा कधी मरत नाही? त्यालाही सांग. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले. भूतानमार्गे आणलेल्या, बनावट कागदांवर दुसऱ्याच राज्यांत नोंदवलेल्या आलिशान जुन्या गाड्या, असा आरोप होता. जप्तीत लँड क्रूझरही होत्या. इंजिन पाच लाख किलोमीटर चालेल रे, पण कस्टम्सच्या आवारात उभं राहून. चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. तो डॅशबोर्डच्या काचेखाली, चॅसिसवर आणि आरसीवर तिन्ही ठिकाणी एक आहे का, आजूबाजूला घासल्याच्या किंवा पुन्हा रंगवल्याच्या खुणा आहेत का, हे बघायला स्कॅनर लागत नाही, चष्मा लागतो. तोच नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दे, सर्व्हिसची नोंद माग. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाक: कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे की उतरला, विमा कधी संपला, चलन किती थकलंय. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत तू नऊ फोटो काढलेस.

आणि समज, सगळं नीट निघालं. तरी एक हिशेब तू केलेला नाहीस. नवी असताना अर्ध्या कोटीच्या वर किंमत असलेली गाडी साडेतेरा लाखांना मिळते, कारण किंमत घसरली. तिच्या स्पेअरची किंमत घसरलेली नाही. कॉम्प्रेसर, टर्बो, इंजेक्टर, सगळे अजून अर्ध्या कोटीच्या गाडीचेच आहेत, आणि ते बिल तुझ्या फॉल्स सीलिंगच्या पैशांतून जाणार आहे. घेतल्याबरोबर दोन्ही बेल्ट, गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक, टायर एवढं करायचं म्हणून तीनेक लाख वेगळे काढून ठेवले आहेस का? नसशील तर ही गाडी तुला परवडत नाही, फक्त विकत घेता येते. विम्याचंही बघ. साध्या पॉलिसीत पाण्याने बंद पडलेलं इंजिन येत नाही, त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला ते देतील की नाही हे आधी विचार. जुलैत आपल्या भागात पाणी कुठवर येतं ते मी सांगायला नको.

अजून एक. तुमच्या नव्या टॉवरमध्ये तुला पार्किंग कुठलं मिळालंय? स्टॅकमधलं, वरच्या पाळण्यातलं. त्या पाळण्याला किती वजन चालतं? तिथं पाटी असते. ही गाडी रिकामी अडीच टनांच्या पुढं आहे. पाटी वाचल्याशिवाय ती वर चढवलीस, तर खाली ज्याची स्विफ्ट उभी असेल त्याच्याशी तुझी ओळख होईल, चांगलीच.

आता तोंड पाडून बसू नकोस. ही गाडी घेऊच नकोस असं मी एकदाही म्हटलेलं नाही. चांगली निघाली तर मीच पहिल्यांदा बसेन तिच्यात, पुढच्या सीटवर. या गाडीसारखा घाटातला दम आणि वळणावरचा शांतपणा फार थोड्या गाड्यांत असतो, हे मलाही कळतं. मी काही लाकडाचा नाही. पण बघितल्याशिवाय नाही. त्या माणसाला आत्ता माझ्यासमोर फोन लाव. सांग, उद्या सकाळी सहाला येतोय. आज संध्याकाळपासून गाडी सुरू करायची नाही, जागेवरून हलवायची नाही, धुवायची नाही. बॅटरी उतरेल म्हणाला तर म्हण, जंपर केबल आम्ही आणतो. आणि टोकनाची पावती व्हॉट्सॲपवर माग, तिच्यावर लिहून, की तपासणीत खोट निघाली तर पन्नास हजार परत. नाही म्हणाला तर उत्तर इथंच मिळालं, उद्याचं पेट्रोल वाचलं.

आपण जाऊन पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवणार. गरम लागलं, तर मी एक शब्द न बोलता रिक्षा पकडून परत येणार. थंड असेल तर स्टार्ट, मग तुझी टेप, मग स्कॅनर. जुने सगळे फॉल्ट कोड त्याने आदल्या दिवशी पुसलेले असणार, म्हणून स्कॅन दोनदा करायचा, एक आधी आणि एक चालवून आल्यावर. काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटापर्यंत, चढावर पूर्ण दाबून, परत वरसाव्याच्या पुलापर्यंत. एसी बंद, गाणी बंद, तोंड बंद. स्टिअरिंग सोडून एकदा ब्रेक दाबायचा, कुठल्या बाजूला ओढते ते बघायचं. ड्राइव्हवरून रिव्हर्सला टाकताना झटका आला तर मला सांगायचं नाही, मला तो पाठीला कळेल.

पेढे घेऊन जा. काकूंनी मागितले तरी देऊ नकोस. पावणेसहाला गोल्डन नेस्टच्या चौकात उभा राहा. टॉर्च आण, चुंबक आण, एक मोठा पुठ्ठा आण, आणि तो पांढरा शर्ट घरी ठेवून वर्कशॉपमधला जुना घालून ये. गाडीखाली तू झोपणार आहेस.